सही, शिक्का आणि उद्याचे तोतये

मंडळी, 'सही' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. मूळ अर्थ 'बरोबर, खरं'. म्हणजे कागदाखाली सही करणं म्हणजे नुसतं नाव लिहिणं नव्हे, तर 'हे खरं आहे' असं सांगणं. शिवकालीन पत्रं पाहिली तर हे फार छान कळतं. पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा आणि मजकूर संपला की तिथे लगेच छोटी मर्यादा-मुद्रा. पहिल्या शिक्क्यानं पत्र कोणाचं ते कळायचं. दुसऱ्या शिक्क्याचं काम वेगळं होतं. मजकूर इथे संपला, याखाली कोणी एक ओळसुद्धा घुसडू नये! कोणी लिहिलं आणि जसं लिहिलं तसंच पोचलं का, हे दोन प्रश्न त्या दोन शिक्क्यांनी सोडवले होते.

आणि तोतयांचं म्हणाल तर आपल्या इतिहासाला ते नवीन नाहीत. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया काही मामुली नव्हता. १७७६ साली त्याला देहदंड झाला, पण तोवर त्याने कोकणात केवढी धामधूम उडवून दिली होती. माणूस खरा की खोटा हे ठरवायला ओळखणारी माणसं, खुणा, साक्षी असं सगळं लागलं.

आज हे सांगायचं कारण डिजिटल सही. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यता दिली. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्यावर तलाठ्याच्या शाईच्या सहीची आणि गोल शिक्क्याची गरज उरली नाही. ही सोय चांगलीच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या सहीत शाई नाही, लाख नाही, अंगठा नाही. मग आहे काय? नुसतं गणित! आणि ते गणित पुढेमागे मोडणार आहे असं जगातले गणितीच सांगत आहेत. मी कला शाखेची, मराठी माध्यमातली बी.ए. त्यामुळे यातलं खोल गणित मला विचारू नका. पण याला इतिहास आहे आणि तो इतका रंगतदार आहे की आमच्या भाचे-पुतणे मंडळींनाही (जी दिवसभर संगणकापुढेच असतात) सगळा ठाऊक नसावा.

सुरुवात १९७६ पासून करू. त्या वर्षी अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक निबंध छापला. कल्पना अशी की प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असाव्यात, एक खाजगी आणि एक जगजाहीर. खाजगी किल्लीने सही करायची, जगजाहीर किल्लीने कोणीही ती तपासायची. तपासणाऱ्याला सही करता येता कामा नये. हे करायचं कसं, याचं पुरतं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ते १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी काढलं. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती पद्धत आरएसए.

तिच्या मुळाशी शाळेतलंच गणित आहे. ६१ आणि ५३ यांचा गुणाकार पाचवीतलं पोरही करेल, ३२३३. पण नुसता ३२३३ हा आकडा देऊन 'याचे मूळ अवयव सांग' म्हटलं तर डोकं खाजवायला लागतं. आता ३२३३ च्या जागी सहाशे-सव्वासहाशे अंकी संख्या घ्या. गुणाकार संगणक चुटकीसरशी करतो, अवयव मात्र निघत नाहीत. जाणं सोपं, परतणं अवघड, अशी ही एकदिशा वाट. (गंमत म्हणजे एखादी संख्या मूळसंख्या आहे की नाही हे झटपट ठरवण्याची निर्विवाद रीत २००२ साली आपल्या आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली. पण 'मूळ आहे का' हे कळणं वेगळं आणि अवयव पाडणं वेगळं.)

त्याच १९७७ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या मासिकातल्या सदरात १२९ अंकी एक संख्या छापून वाचकांना आव्हान दिलं. अवयव काढा आणि शंभर डॉलर घ्या. विश्वाच्या वयाहूनही कितीतरी जास्त वर्षं लागतील असा त्यावेळचा अंदाज होता. प्रत्यक्षात सतरा वर्षांत निकाल लागला! एप्रिल १९९४ मध्ये सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक जोडून ती संख्या फोडली. यात आरएसए हरली असं नाही, संख्या मोठी घेतली की भागत होतं. पण 'एवढी वर्षं लागतील' या भाकिताची किंमत काय, ते यातून कळलं.

आणि योगायोग पहा, त्याच १९९४ साली बेल लॅब्जमधल्या पीटर शोर यांनी दाखवून दिलं की क्वांटम संगणक नावाचं यंत्र जर कधी झालंच, तर मोठमोठ्या संख्यांचे अवयव ते सहज पाडेल. संख्या आणखी मोठी घेऊनही फारसा उपयोग नाही. आरएसएची नंतरची भावंडं, इलिप्टिक कर्व्ह म्हणतात त्या वक्रांवरच्या सह्या, त्याही याच रीतीने पडतात. तेव्हा असं यंत्र कुठेच नव्हतं. २००१ साली आयबीएमच्या संशोधकांनी सात क्यूबिटच्या प्रयोगातून १५ चे अवयव ३ आणि ५ काढून दाखवले! हसू नका. २०१९ च्या एका हिशेबाप्रमाणे सध्याच्या आरएसएसाठी दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास लागणार होते. त्याच हिशेबनीसांपैकी क्रेग गिडनी यांनी २०२५ मध्ये नवा आकडा दिला, दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ. यंत्र अजून तयार नाही, पण घाट उतरतो आहे एवढं नक्की.

आता तुम्ही म्हणाल, यंत्र येईल तेव्हा पाहू. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. गुप्त संदेशाची गोष्ट अशी की चोर आजच तो साठवून ठेवतो आणि उद्या फोडतो. सहीचं तसं नाही, उद्याच्या यंत्राने आजचा व्यवहार मागे जाऊन बिघडत नाही. पण मी इतिहास शिकवलेला असल्यामुळे मला भीती दुसरीच वाटते. मागच्या तारखेचा कागद! जमिनीच्या भांडणात हा प्रकार आपल्याला काय नवा आहे?

जुन्या कागदाची परीक्षा कशी करायची हे राजवाड्यांपासूनच्या संशोधकांनी आपल्याला शिकवलं. कागद कुठला, शाई कसली, मोडीचं वळण कोणत्या काळचं, तिथी-वार जुळतात का, शिक्का त्या साली वापरात होता का. खोटा कागद करणारा कुठेतरी चुकतोच. पण डिजिटल कागदाला ना शाई ना वळण. एकदा का खाजगी किल्ली गणिताने काढता आली की तोतयाने केलेली सही आणि खरी सही यांत काडीचाही फरक राहत नाही. अगदी तंतोतंत तीच. २०४० साली कोणी २०१९ ची तारीख घालून खरेदीखत बनवलं तर निव्वळ त्या सहीकडे पाहून ते कोणता संशोधक ओळखणार? म्हणून नव्या सह्या यंत्राच्या आधी याव्या लागतात, आणि त्या नीट पारखून याव्या लागतात.

या नव्या सह्यांचा इतिहास मला सर्वांत आवडला, कारण त्यात हुशार मुलं नापास होतात आणि मागच्या बाकावरचं एक पोरगं शेवटी पास होतं!

हे मागच्या बाकावरचं पोर म्हणजे लेस्ली लॅम्पोर्ट यांची १९७९ ची पद्धत. तिला भारी गणित लागतच नाही. एक प्रकारची चक्की लागते, हॅश म्हणतात तिला. काहीही घाला, ठराविक लांबीचं पीठ पडतं आणि पिठावरून धान्य ओळखता येत नाही. आता समजा मजकुराचा सारांश २५६ शून्य-एकांचा आहे. प्रत्येक जागेसाठी दोन गुपितं तयार करायची, एक शून्याचं आणि एक एकाचं. अशी ५१२ गुपितं. त्या सगळ्यांचं 'पीठ' आधीच चव्हाट्यावर मांडून ठेवायचं. सही करताना मजकुरात जिथे शून्य असेल तिथलं शून्याचं गुपित उघड करायचं, एक असेल तिथे एकाचं. तपासणाऱ्याने ती दळून पाहायची आणि पीठ जुळतं का बघायचं. झाली सही!

दोष दोन. सही लांबलचक, वरच्या हिशेबाने ८१९२ बाइट. आणि एक किल्ली एकदाच वापरायची. दुसऱ्यांदा वापरली तर पुष्कळ जागांची दोन्ही गुपितं उघडी पडतात आणि तोतया त्यांची सरमिसळ करून नवा मजकूर सही करतो. राल्फ मर्कल यांनी यावर उपाय काढला. अशा पुष्कळ किल्ल्यांची जोड्या-जोड्यांनी पिठं करत वर जायचं, जसा वंशवृक्ष उलटा वाचावा तसं, आणि टोकाला जो एकच मूळपुरुष उरतो तेवढाच जाहीर करायचा. मर्कल यांचा हा निबंध १९७९ चा, पण छापून आला तो दहा वर्षांनी. तेव्हा त्यांनी स्वतःच त्याच्या उपशीर्षकात 'तो १९७९ चा पुराणा निबंध' अशा अर्थाचे शब्द घातले. बिचारे! आरएसए सुटसुटीत होती, तेव्हा ही बोजड पद्धत कोण वापरणार?

हुशार मुलं वेगळीच होती. १९८८ साली जपानमध्ये मात्सुमोतो आणि इमाई यांनी अनेक अज्ञातांच्या वर्गसमीकरणांवर एक पद्धत उभारली. १९९५ मध्ये फ्रान्सच्या जाक पातारँ यांनी ती मोडली. मोडणाऱ्याने मग १९९७ मध्ये स्वतःची काढली. तिचं नाव 'तेल आणि व्हिनेगर', कारण अज्ञात दोन जातींचे आणि तेलाचा गुणाकार तेलाशी कधीच होत नाही, जसं सॅलडच्या मिश्रणात दोन्ही वेगवेगळे राहतात. पुढच्याच वर्षी किपनिस आणि शमीर यांनी (हो, आरएसएतलेच शमीर) ती मोडली. मग व्हिनेगरचं प्रमाण वाढवून १९९९ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती मात्र टिकली. त्याच घराण्यातली 'एसफ्लॅश' ही छोट्या कार्डांसाठीची झटपट सही. २००३ मध्ये युरोपच्या एका मोठ्या मूल्यमापन प्रकल्पाने तिची शिफारस केली आणि २००७ मध्ये ती मोडली. शिफारसपत्र हातात असताना नापास!

दुसरं घराणं जाळ्यांचं. आपल्या बायकांना हे समजायला सोपं जावं. रांगोळीचे ठिपके डोळ्यांसमोर आणा. दोन ठिपक्यांच्या मध्ये कुठेतरी बोट ठेवलं तर सर्वांत जवळचा ठिपका कोणता हे आपण पटकन सांगतो. पण ठिपके कागदावर नसून शेकडो मितींच्या अवकाशात असले आणि जाळं कसं आखलंय हे तिरक्या-वाकड्या रीतीने सांगितलं असलं तर हाच प्रश्न महाकठीण होतो. ज्याने रांगोळी आखली त्याच्याकडे सरळ आखणी असते, तोच जवळचा ठिपका दाखवू शकतो, म्हणून ती त्याची सही.

कल्पना सुरेख, पण एनटीआरयू-साइन नावाच्या अशा सहीचं काय झालं पहा. २००६ मध्ये न्गुयेन आणि रेगेव्ह या दोघांनी दाखवलं की प्रत्येक सहीगणिक त्या गुप्त आखणीचा आकार थोडा थोडा बाहेर झिरपतो. तिच्या साध्या रूपात अवघ्या चारशे सह्या गोळा केल्या की खाजगी किल्लीच हाती लागत होती. एकेक सही निर्दोष दिसत होती, चुगली केली ती सगळ्यांनी मिळून. माणसाच्या अक्षरावरून स्वभाव ओळखावा तसंच काहीसं!

यावर दोन उपाय निघाले. २००८ मध्ये जेन्ट्री, पायकर्ट आणि वैकुंठनाथन यांनी सही करताना मुद्दाम अशा प्रमाणात यदृच्छा मिसळायची रीत दिली की आतला आकार दिसूच नये. २००९ मध्ये वादिम ल्युबाशेव्हस्की यांनी आणखी साधी युक्ती काढली. सही करून झाली की आपणच पाहायचं, यातून काही झिरपतंय का? शंका आली तर फाडून टाकायची आणि पुन्हा करायची. आज जी सही प्रमाण झाली आहे ती याच युक्तीवर चालते, सरासरी चार-पाच प्रयत्नांत एक सही बाहेर पडते. कच्च्या वहीतली पानं फाडून शेवटी पक्क्या वहीत एकच उत्तर लिहावं, तसं.

आता या सगळ्यांची वार्षिक परीक्षा. अमेरिकेतली निस्ट ही मानकं ठरवणारी सरकारी संस्था. तिने डिसेंबर २०१६ मध्ये जगभरातून अर्ज मागवले, सह्यांचे आणि गुप्त किल्ली पाठवण्याच्या पद्धतींचेही. ३० नोव्हेंबर २०१७ या मुदतीपर्यंत ८२ अर्ज आले, त्यातले ६९ रीतसर ठरले. आणि परीक्षा कशी, तर सगळ्यांचे पेपर उघडे! प्रत्येकाची पद्धत, तिची आज्ञावली, सगळं जगजाहीर. उमेदवारांनीच एकमेकांचे दोष काढायचे. मी इतकी वर्षं पेपर तपासले पण अशी परीक्षा पाहिली नाही. वर्गातला पहिला नंबर ठरवायला मुलांनाच एकमेकांच्या चुका शोधायला बसवलं तर काय होईल ते सांगायला नको. पण इथे तेच योग्य होतं. कुलूप कसं बनलंय हे चोराला माहीत असलं तरी ते टिकलं पाहिजे, गुपित फक्त किल्लीत असावं, हे तत्त्व ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच सांगून ठेवलं आहे.

गुण कशाकशाला? पहिला विषय सुरक्षितता, आणि त्याचं वजन सर्वांत जास्त. त्यासाठी पाच पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवरची पद्धत मोडणं हे एका नावाजलेल्या प्रचलित सांकेतिक पद्धतीची १२८ बिटांची किल्ली शोधण्याइतकं तरी कठीण हवं, आणि पुढे चढत जायचं. दुसरा विषय खर्च. सही किती लांब, किल्ली किती मोठी, सही करायला आणि तपासायला प्रोसेसरचे किती ठोके लागतात. हे मोठ्या संगणकावरही मोजायचं आणि बोटभर चिपवरही. तिसरा विषय म्हणजे हाताळणी. साध्या प्रोग्रामरला ती बिनचूक लिहिता येईल का, की लिहिताना हमखास भोक पडेल?

जुलै २०२० मध्ये तिसरी फेरी आली तेव्हा सह्यांत तीन मुख्य उमेदवार उरले, डायलिथियम, फाल्कन आणि रेनबो. राखीव म्हणून आणखी तीन, त्यात एक स्फिंक्स-प्लस. (डायलिथियम हे नाव स्टार ट्रेक मालिकेतल्या स्फटिकाचं, गणितीही मुलंच की!) यांची प्रगतीपुस्तकं शेजारी ठेवून पाहू. सध्याची चांगली इलिप्टिक कर्व्ह सही ६४ बाइटची आणि किल्ली ३२ बाइटची, हे मनात धरा.

डायलिथियम, पहिल्या प्रकारात किल्ली १३१२ बाइट आणि सही २४२०. काम झपाट्याने करते आणि लिहायला सरळ.
फाल्कन, किल्ली ८९७ आणि सही सुमारे ६६६. आटोपशीर, पण सही करताना दशांश चिन्हांचं नाजूक गणित लागतं. ते जरा चुकलं तर किल्ली झिरपायची भीती.
रेनबो, सही फक्त ६६ बाइट! पण किल्ली दीड लाखाहून जास्त बाइटची. हे तेल-व्हिनेगर घराण्यातलं, २००५ चं, अनेक थरांचं.
स्फिंक्स-प्लस, किल्ली अवघी ३२ बाइट, पण सही ७८५६. आणि या लहान प्रकारात सही करायला डायलिथियमच्या हजारपटीहून जास्त वेळ. हे म्हणजे आपलं लॅम्पोर्ट आणि मर्कल यांचं मागच्या बाकावरचं पोर. 'कोणती किल्ली वापरली ते लक्षात ठेवा' ही त्याची जुनी खोड २०१५ च्या सुमारास काढून टाकली गेली.

आकड्यांचा एवढा काथ्याकूट कशाला, असं वाटेल. पण आपण बँकेचं संकेतस्थळ उघडतो तेव्हा एका क्षणात ओळखपत्रांची साखळी तपासली जाते, त्यात अनेकदा पाच-सहा सह्या असतात. ६४ च्या जागी २४२० बाइट, गुणिले पाच. खेड्यातल्या अशक्त नेटवर्कवर हा फरक जाणवणार. वीज मीटरमधली नाही तर गाडीतली चिप केवढीशी, तिला तर आणखीच.

आणि मग निकालाच्या तोंडावर नाट्य घडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये वॉर्ड ब्यूलेन्स या तरुण संशोधकाने रेनबो मोडली. कशाने? साध्या लॅपटॉपवर, सरासरी ५३ तासांत. शनिवार-रविवारचं काम! क्वांटम संगणक वगैरे काही नाही. १७ वर्षं जुनी, दोन फेऱ्या पार केलेली, अंतिम तिघांतली पद्धत, आणि तिची पहिल्या पायरीची किल्ली घरच्या लॅपटॉपवर निघाली. त्याच वर्षी उन्हाळ्यात गुप्त किल्लीच्या विभागातली 'साइक' ही राखीव उमेदवारही बेल्जियमच्या दोघा गणितींनी एका प्रोसेसरवर साधारण तासाभरात मोडली.

जुलै २०२२ मध्ये सह्यांत तिघांची निवड जाहीर झाली, डायलिथियम, फाल्कन आणि स्फिंक्स-प्लस. १३ ऑगस्ट २०२४ ला डायलिथियम आणि स्फिंक्स-प्लस यांची अंतिम मानकं नव्या, रुक्ष सरकारी नावांनी प्रसिद्ध झाली. फाल्कन त्या दिवशी नव्हती, तिच्या नाजूक गणितामुळे तिला जास्त वेळ लागणार होता.

स्फिंक्स-प्लस का घेतली, हा प्रश्न मला पडला. वेगात मागे, आकाराने अवजड. उत्तर निस्टनेच दिलं आहे. बाकीच्या दोन्ही सह्या जाळ्यांच्या एकाच घराण्यातल्या. उद्या ते घराणंच बुडालं तर? स्फिंक्स-प्लसला विश्वास ठेवायला फक्त ती चक्की लागते, हॅश. आणि चक्की नीट नसेल तर बाकीच्यांचंही काही खरं नाही. सगळी अंडी एका टोपलीत नकोत, म्हणून ही सावकाश चालणारी गाय गोठ्यात ठेवली.

ही भीती अनाठायी नव्हती. १० एप्रिल २०२४ रोजी यिलेई चेन या संशोधकाने एक निबंध ठेवला की जाळ्यांचा मूळ प्रश्नच क्वांटम संगणकाने सुटतो. मानकं यायला चार महिने उरलेले! आठ दिवस जगभरचे गणिती तो निबंध ओळीओळीने वाचत बसले. अठराव्या तारखेला त्यात एक पायरी चुकल्याचं दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं आणि चेन यांनी ते लगेच निबंधावरच लिहून टाकलं. जाळी वाचली. पण वाचली ती कोणाच्या आश्वासनाने नव्हे, वाचून पाहणाऱ्यांमुळे. चेन यांच्या प्रामाणिकपणाचंही मला कौतुक वाटलं.

या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. वेग मोजता येतो. बाइट मोजता येतात. ते आकडे आज मोजले तेच उद्याही येतील. सुरक्षितता मात्र तशी मोजता येत नाही. 'कोणाला अजून मोडता आली नाही' एवढंच म्हणता येतं, आणि त्या 'अजून'ला वजन येतं ते किती शहाण्यांनी किती वर्षं मनापासून प्रयत्न केला यावरून. एसफ्लॅशला शिफारस होती, रेनबोला सतरा वर्षं होती. म्हणजे नुसती वर्षंही पुरत नाहीत, तेवढी नजरही त्यावर पडावी लागते. आम्ही शिक्षक पंचेचाळीस मिनिटांच्या पेपरावरून मुलाची किंमत करत आलो. हे लोक आठ वर्षं परीक्षा घेऊनही 'राखीव असू दे' म्हणतात. निस्टने तर २०२२ मध्येच आणखी सह्यांसाठी नवे अर्ज मागवले. त्यात ४० रीतसर ठरले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये १४ पुढच्या फेरीत गेले. त्यात 'मेयो' नावाची एक तेल-व्हिनेगर घराण्यातली सही आहे. तिचा मूळ जनक कोण? रेनबो मोडणारा ब्यूलेन्स! पातारँसारखंच, मोडणाऱ्यालाच घडवायचा मोह आवरत नाही.

आता आपल्या सातबाऱ्याकडे वळू. आरएसए आणि इलिप्टिक कर्व्हच्या सह्यांपैकी कमी ताकदीच्या २०३० नंतर शक्यतो वापरू नयेत आणि २०३५ नंतर कोणत्याच नकोत, असं निस्टच्या नोव्हेंबर २०२४ च्या मसुद्यात सुचवलं आहे. आपल्याकडेही एप्रिल २०२३ मध्ये सहा हजार कोटींवरचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं. नव्या कागदांवर नव्या सह्या येतील, त्याची मला फारशी चिंता नाही. मला चिंता जुन्या कागदांची. आधीच सही होऊन बसलेल्या लाखो उताऱ्यांचं काय?

त्यालाही उपाय आहे, आणि तो इतिहासाच्या अभ्यासकाला लगेच पटेल असा. जुन्या कागदाला समकालीन साक्षीदार मिळवून द्यायचा. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ पासून अशी योजना आकाराला आणली. पुष्कळ कागदांचं मर्कलच्या रीतीने एकच 'पीठ' करायचं आणि ते अशा जागी छापायचं जिथे नंतर कोणाला बदलता येणार नाही. १९९५ पासून ते चक्क न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला छापून येऊ लागलं. हरवले-सापडलेच्या रकान्यात! ज्याला खोटं करायचं असेल त्याने जगभरच्या ग्रंथालयांतले अंक बदलावेत. म्हणजे ज्या दिवशी जुनी सही अजून मजबूत आहे त्याच काळात तिच्यावर नवी, तारखेसह सही चढवायची आणि तिची खूण बाहेर ठेवायची. यंत्र आल्यावर मग कोणी २०१९ चा कागद घेऊन आला तर विचारता येईल, 'बाबा, तुझ्या कागदाची खूण त्या काळच्या यादीत कुठे आहे?'

पण हे काम यंत्र येण्याआधीच व्हायला हवं. नंतर केलं तर खऱ्या-खोट्यावर सारखाच शिक्का बसेल. आपल्याकडे दप्तरखान्यांत वाळवी लागून गेलेले कागद आपण पाहिले आहेत. वाळवी निदान दिसते तरी. ज्यांच्या हातात असली दप्तरं आहेत अशी आपल्या नात्यातली, ओळखीतली मंडळी पुष्कळ आहेत. कोणी महसूल खात्यात, कोणी बँकेत, कोणी परदेशात सॉफ्टवेअरमध्ये. त्यांना माझी एवढीच विनंती, की आपल्या कचेरीत एकदा विचारून पाहा. आपल्या सह्या कोणत्या गणितावर आहेत, त्या किती वर्षं टिकायला हव्यात, आणि बदलायचं ठरलं तर जुन्यांचं काय करायचं ते ठरलंय का? उत्तर मिळालं तर मलाही जरूर कळवा.

असो. बरंच लांबलं. तूर्तास इतकंच.